ठेव कुणाकडे ठेवायची? क्लाउड, घरचा सर्व्हर आणि फायलींच्या ताळमेळाचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी आम्हाला विचारलं की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसांनी संगणकातल्या फायलींवर कशाला बोलावं. उत्तर सोपं आहे. एक फाईल दोन ठिकाणी असली तर ती एक की दोन, दुसऱ्याच्या घरात ठेवलेली आपली वस्तू कितपत आपली, आणि ती गेली तर भरपाई कुणी करायची, हे तिन्ही प्रश्न आमच्या विषयात फार जुने आहेत. संगणकवाल्यांना ते गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत नव्याने पडले. त्यांनी जी उत्तरं काढली, त्यांचा इतिहास आज सांगायचा आहे.

क्लाउड हा शब्द आधी बाजूला काढू. टेलिफोन आणि संगणकजाळ्यांचे अभियंते आकृती काढताना ज्या भागाचा तपशील दाखवायचा नसे तिथे एक ढग काढून मोकळे होत. आत काय आहे याची तुम्हाला गरज नाही, एवढाच त्या ढगाचा अर्थ. पुढे तो विक्रीचा शब्द झाला. प्रत्यक्षात ढग वगैरे काही नसतो. कुणाच्या तरी इमारतीत, कुणाच्या तरी यंत्रात, चकत्यांवर आपल्या फायली पडून असतात. आपण त्या तिथे ठेवतो आणि हवं तेव्हा मागून घेतो.

आपल्याकडच्या व्यवहारशास्त्रात याला निक्षेप म्हणतात, साध्या मराठीत ठेव. मनूने व्यवहाराची जी अठरा पदं सांगितली, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ दुसरं पद निक्षेपाचंच आहे. याज्ञवल्क्य स्मृतीतला नियम असा, की मालकाने मागितल्यावर ठेव परत केली पाहिजे. मागूनही दिली नाही आणि नंतर ती नष्ट झाली, तर तिची किंमत भरावी आणि तेवढाच दंडही भरावा. मात्र ठेव राजाने, दैवाने किंवा चोराने नेली, तर ठेवून घेणाऱ्याकडून वसूल करू नये. राजा, दैव, चोर हे तीन शब्द लक्षात असू द्या. ते आज पुन्हा भेटणार आहेत.

आता इतिहासाकडे येऊ. दोन यंत्रांवर एकच फाईल आहे आणि दोन्हीकडे ती बदलली. खरी कोणती? पहिल्यांदा सुचणारं उत्तर म्हणजे घड्याळ बघा, नंतर बदलली ती खरी. पण दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. अनेक यंत्रांच्या जाळ्यात ‘आत्ता’ नावाची सर्वांना समान अशी गोष्ट नसते. अमुक घटना तमुकच्या आधी घडली असं म्हणायचं, तर पहिलीचा निरोप दुसरीपर्यंत पोचू शकत होता का, हे पाहावं लागतं. हा विचार आपल्याला सापेक्षतावादावरून सुचला असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. आमच्यासारख्यांना हे वाचून बरं वाटतं, की काळाविषयीचा एवढा शुद्ध प्रश्न थेट रोजच्या फायलींमध्ये येऊन बसला.

१९८३ मध्ये यातून व्यवहारात वापरता येईल अशी युक्ती निघाली. प्रत्येक यंत्राने घड्याळ बाजूला ठेवून एक मोजणी ठेवायची. समजा, पुण्याच्या यंत्रावर या फाईलमध्ये तीन बदल झाले आणि नागपूरच्या यंत्रावर पाच. दोन्ही प्रतींबरोबर ‘पुणे ३, नागपूर ५’ अशी नोंद हिंडते. एका प्रतीच्या नोंदीत दुसरीचं सगळं असून वर काही जास्त असेल, तर ती नवी. पण एकीत ‘पुणे ४, नागपूर ५’ आणि दुसरीत ‘पुणे ३, नागपूर ६’ असेल, तर दोघींनी एकमेकींना न विचारता बदल केलेत. अशा वेळी यंत्राला निवाडा करता येत नाही.

यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे: पाठभेद. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत नकला होता होता पाठभेद साचले होते. शके १५०६ मध्ये एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. तिथे विवेक करणारा माणूस लागला. आजच्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ते कळतं. तो निवाडा करत नाही. दोन्ही प्रती ठेवतो आणि मालकाला सांगतो, तुझं तू बघ.

दरम्यान अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८७ पासून ‘कोडा’ नावाच्या फाईलव्यवस्थेवर काम सुरू होतं. प्रमुख होते एम. सत्यनारायणन, मद्रासच्या आयआयटीत शिकलेले. प्रश्न असा होता की मध्यवर्ती यंत्राशी संबंध तुटला तरी माणसाला काम करता आलं पाहिजे. त्यांनी तीन अवस्था कल्पिल्या. जोडणी असताना लागतील त्या फायली जवळ साठवून ठेवायच्या. जोडणी तुटली की जवळच्या यंत्राने मध्यवर्ती यंत्राचं सोंग घ्यायचं. आणि जोडणी परत आली की मधल्या काळातले बदल एकामागून एक तिकडे लागू करायचे. प्रवासात मोबाईलवर टिपण लिहावं, रेंज आल्यावर ते घरच्या संगणकावर आपोआप दिसावं, ही सोय आपण आज गृहीत धरतो. तिचे मूळ तिथे आहे.

आता जरा रेंगाळतो, कारण पुढची गोष्ट आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणी वाटते.

१९९६ चा जून महिना. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या राष्ट्रीय विद्यापीठात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ‘आरसिंक’ नावाचा प्रोग्रॅम जाहीर केला. टेलिफोनच्या तारेवरून कुरकुरत चालणाऱ्या मॉडेमचा तो काळ. मोठ्या फाईलमध्ये चार ओळी बदलल्या, तर ती सगळी फाईल पुन्हा पाठवणं म्हणजे रात्रभराचं काम. फक्त फरक पाठवावा, पण फरक काढायला दोन्ही प्रती एका ठिकाणी हव्यात, आणि त्या एका ठिकाणी आणता येत नाहीत म्हणून तर सगळा खटाटोप!

यावर त्यांनी काढलेला तोडगा असा. जुनी प्रत ज्याच्याकडे आहे तो तिचे सारख्या लांबीचे तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेली छोटी संख्या, पलीकडे पाठवतो. नवी प्रत ज्याच्याकडे आहे तो आपल्या फाईलवर तेवढ्याच लांबीची चौकट सरकवत जातो आणि बघतो, हा ठसा त्या यादीत आहे का? असेल तर ‘तुझा सतरावा तुकडा इथे बसव’ एवढंच कळवायचं. नसेल तर तेवढाच मजकूर पाठवायचा.

यात खोच आहे ती चौकट सरकवण्यात. मी फाईलच्या अगदी सुरुवातीला एक अक्षर घातलं, तर पुढचं सगळं एका घराने सरकतं आणि ठरावीक जागचे तुकडे एकही जुळत नाहीत. म्हणून चौकट अक्षरा-अक्षराने पुढे न्यावी लागते, आणि दर वेळी सगळ्या चौकटीचं गणित नव्याने मांडलं तर यंत्र थकेल. त्यांनी वापरलेल्या गणितात, मागचं अक्षर गळालं तेवढं वजा करायचं, पुढचं आलं तेवढं मिळवायचं, की झाला नवा ठसा. हा ठसा कच्चा असतो, दोन वेगळ्या तुकड्यांचाही चुकून सारखा येऊ शकतो. म्हणून तो जुळला तरच दुसरा, पक्का ठसा ताडून पाहायचा. दोन वस्तूंत काहीच फरक दाखवता येत नसेल तर त्या एकच, असं लाइब्निट्झ म्हणाला होता. इथे त्या तत्त्वाचा थोडा सैल, कामापुरता अवतार आहे: ठसे जुळले की वस्तू एक मानून चालायचं. हा ट्रिजेल यांच्या १९९९ च्या प्रबंधाचा एक भाग झाला. प्रोग्रॅम मात्र त्यांनी तीन वर्षं आधीच जगाला फुकट देऊन टाकला होता, आणि तो आजही चालतो.

१९९८ मध्ये बालसुब्रमण्यम आणि बेंजामिन पिअर्स यांनी एक निबंध लिहिला. त्याचं शीर्षकच प्रश्न आहे: फायलींचा ताळमेळ घालणारा प्रोग्रॅम म्हणजे काय? असं शीर्षक संगणकशास्त्रात विरळा. त्यांनी दोन कामं वेगळी केली. काय बदललं ते ओळखणं हे एक, आणि त्या बदलांचा मेळ घालणं हे दुसरं. जिथे भांडण नाही ते बदल पुढे न्यायचे, जिथे भांडण आहे तिथे हात लावायचा नाही. पिअर्स यांचा ‘युनिसन’ हा प्रोग्रॅम याच विचारावर उभा राहिला. विंडोज ९५ मध्ये ‘माय ब्रीफकेस’ नावाचं एक चित्र पडद्यावर असे, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. तेही याच कामासाठी होतं. फार कमी लोकांनी ते उघडलं असावं.

सांगायचा मुद्दा, १९९९ साल संपताना सगळं साहित्य तयार होतं. त्याच वर्षी दूरच्या यंत्रावरची फोल्डरं वेबवरून हाताळण्याचा वेबडॅव्ह हा करारही प्रमाणित झाला. म्हणजे ज्याला दोन यंत्रं चालवता येत होती, त्याला आपल्या फायलींचा ताळमेळ स्वतः घालता येत होता. येत नव्हतं ते बाकीच्या जगाला.

तिथे ड्रॉपबॉक्सने जागा भरली. २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टन आणि अराश फरदौसी यांनी कंपनी काढली. बोस्टनहून न्यूयॉर्कला बसने जाताना पेनड्राइव्ह घरी विसरला आणि त्यातून कल्पना सुचली, ही ह्यूस्टन यांनी अनेकदा सांगितलेली गोष्ट. २००८ मध्ये सेवा सर्वांसाठी खुली झाली. आतमध्ये फरक काढायला आरसिंकचीच पद्धत होती, आणि साठवणीसाठी ॲमेझॉनने २००६ मध्ये भाड्याने द्यायला काढलेली जागा. मग नवीन काय होतं? एक फोल्डर. त्यात टाकलं की सगळीकडे दिसतं. आरसिंकची आज्ञा बिनचूक लिहिणं हे आजही येरागबाळ्याचं काम नाही. फोल्डरमध्ये फाईल टाकणं कुणालाही जमतं. ही कंपनी यशस्वी झाली यात नवल नाही आणि गैरही काही नाही. घरचं राखणं हे काम आहे, आणि कष्ट वाचवणाऱ्याला माणसं पैसे देतात. तसं ते पूर्वीपासून पेढीवाल्यालाही देत आले आहेत.

पण ठेव म्हटली की ती परत मागण्याची वेळ कधीतरी येतेच. आता आपले तिघे येतात.

राजा पहिला आला. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकन सरकारने मेगाअपलोड ही सेवा बंद पाडली. आरोप चोरीचे चित्रपट वाटल्याचा होता. पण त्या यंत्रांवर सरळमार्गी माणसांच्याही फायली होत्या. ओहायो राज्यातल्या एका चित्रफीतकाराने शाळांचे क्रीडासामने चित्रित करून तिथे ठेवले होते. कारवाईच्या काही दिवस आधीच त्याची घरची हार्ड डिस्क बिघडलेली. तो न्यायालयात गेला आणि खटला रेंगाळत राहिला. ठेव त्याची, गुन्हा दुसऱ्याचा, आणि कुलूप राजाचं. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदांतून प्रिझम नावाची योजना बाहेर आली. गुप्तहेर यंत्रणेला माहिती मिळण्याच्या स्रोतांत मोठ्या मोठ्या कंपन्यांची नावं होती, आणि ड्रॉपबॉक्सपुढे ‘लवकरच’ असं लिहिलेलं होतं. राजा ठेव नेतो तेव्हा निदान कळतं तरी. नुसती उघडून पाहतो तेव्हा तेही कळत नाही.

याज्ञवल्क्याने न सांगितलेला एक चौथाही आहे. पेढीवाल्याचं मन बदलतं. उबुंटू वन ही साठवणसेवा २०१४ मध्ये बंद झाली. एप्रिलमध्ये सूचना आली, फायली उतरवून घ्यायला जुलैअखेरपर्यंतची मुदत. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने वनड्राइव्हवरची अमर्याद जागा काढून घेतली आणि फुकटची १५ जीबीवरून ५ जीबीवर आणली. गुगल फोटोजची फुकट अमर्याद साठवण १ जून २०२१ ला संपली. या सगळ्यांनी आधी कळवलं होतं, हे मान्य. पण ठेवीच्या अटी एकट्या पेढीवाल्याने ठरवायच्या आणि त्यानेच बदलायच्या, याला पूर्वी कुणी निक्षेप म्हटलं नसतं.

आमच्या अभ्यासमंडळालाही याची झळ लागली. मंडळाकडे १९८० पासूनच्या व्याख्यानांच्या कॅसेटी होत्या. मंडळींनी खपून त्या डिजिटल केल्या, सुमारे तीनशे तासांचा ऐवज. त्यात आता हयात नसलेल्या कितीतरी वक्त्यांचे आवाज आहेत, आणि मूळ फिती बुरशीने गेल्या आहेत. तो ऐवज एका सेवेकडे ठेवला होता. एके दिवशी पत्र आलं, योजना बदलली आहे, अमुक तारखेपर्यंत जास्तीचं काढून घ्या. काढायला बसल्यावर कळलं की चढवायला जेवढं सोपं होतं तेवढं उतरवायला नाही. तरुण सभासदांनी अकरा रात्री जागून ते उतरवलं. आज या विषयावर बोलावंसं वाटलं त्याचं कारण पुष्कळसं हेच आहे.

पर्याय तोवर उभे राहिले होते. जानेवारी २०१० मध्ये सॅन दिएगो इथे केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मेळाव्यात फ्रँक कार्लिचेक या जर्मन प्रोग्रॅमरने ‘ओनक्लाउड’ची घोषणा केली. कल्पना अशी, की ड्रॉपबॉक्ससारखं फोल्डर असावं, पण त्यामागचं यंत्र तुमचं असावं. वेबडॅव्हचा करार होताच. पुढे कंपनी निघाली, आणि जिथे कंपनी तिथे मतभेद. एप्रिल २०१६ मध्ये कार्लिचेक आपणच काढलेल्या कंपनीतून बाहेर पडले आणि २ जूनला बरेचसे जुने सहकारी घेऊन त्यांनी ‘नेक्स्टक्लाउड’ जाहीर केलं. ओनक्लाउडचा परवानाच असा होता की कुणीही मूळ संहिता घेऊन पुढे काम करू शकत होता.

इथे थोडं थांबून एक गोष्ट पाहा. कंपनी फुटली, तिचं अमेरिकेतलं कार्यालय बंद पडलं, लोक इकडचे तिकडे गेले. आणि वापरणाऱ्यांच्या फायली? त्या जागच्या हलल्या नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या यंत्रावर होत्या. त्याने वाटल्यास नवा प्रोग्रॅम बसवला, नाहीतर जुनाच ठेवला. उबुंटू वनच्या वेळी सेवा बंद होणं आणि ठेव बाहेर काढावी लागणं या एकच घटना होत्या. इथे त्या वेगळ्या झाल्या. घरच्या सर्व्हरचा आम्हाला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हा आहे. गुप्ततेची चर्चा जास्त होते, पण आमच्या मते तो लाभ दुय्यम आहे. २०१८ मध्ये जर्मनीच्या केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठी नेक्स्टक्लाउड निवडलं, तेव्हा त्यांनीही ठेव आपल्याच यंत्रांवर राहावी हाच विचार केला.

दुसरी वाट डिसेंबर २०१३ मध्ये स्वीडनच्या याकोब बोर्ग यांनी दाखवली, ‘सिंकथिंग’. यात मध्यवर्ती घरच नाही. तुमचा संगणक, फोन, भावाच्या घरचं यंत्र अशी जी असतील ती थेट एकमेकांशी बोलतात, आणि प्रत्येकाची ओळख म्हणजे एक लांबलचक ठसा. १९८३ ची ती मोजणीची युक्ती इथे आत बसलेली आहे. पाठभेद झाला की एक प्रत वेगळ्या नावाने बाजूला ठेवली जाते. आपल्याकडे याचा खास उपयोग आहे. आपल्या पुष्कळ इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, अनेक ग्राहक मिळून एक पत्ता वापरतात, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरपर्यंत पोचायचं कसं हाच पहिला अडसर. सिंकथिंग गरज पडली तर मधल्या एका यंत्रामार्फत निरोप नेतं, आणि मजकूर कूटबद्ध असल्यामुळे त्या मधल्याला तो वाचता येत नाही. मात्र २०२४ च्या अखेरीस त्याचं अँड्रॉइडसाठीचं अधिकृत ॲप बंद झालं. गुगलच्या दुकानाचे नियम सांभाळणं आणि देखभालीला माणूस नसणं, ही कारणं दिली गेली. दुसऱ्यांनी ते काम पुढे चालू ठेवलं आहे, पण फुकट मिळणाऱ्या सोयीमागे कुणाचे तरी श्रम असतात हे विसरू नये.

जाता जाता एक मौज. ड्रॉपबॉक्सने २०१६ मध्ये जाहीर केलं की ग्राहकांच्या ९० टक्क्यांहून अधिक फायली त्यांनी ॲमेझॉनच्या जागेतून उचलून स्वतःच्या यंत्रांवर आणल्या आहेत. २०१८ मध्ये शेअर विक्रीच्या वेळी दाखल केलेल्या कागदांवरून दिसतं की दोन वर्षांत त्यांचे सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचले. घरी यंत्र ठेवायच्या फंदात पडू नका असं सांगणाऱ्या पेढीने स्वतः मात्र घरीच ठेवलं! त्यांच्याकडे अभियंत्यांची फौज आहे, आपल्याकडे नाही, ही गोष्ट खरी. तरी हिशेब त्यांनाही कळला होता.

इथवर ऐकून कुणाला वाटेल, चला, एक यंत्र आणू, नेक्स्टक्लाउड घालू, सुटलो. नाही. सर्वांत जास्त गोंधळ जिथे होतो ती गोष्ट आता येते. ताळमेळ म्हणजे बॅकअप नव्हे. ताळमेळाचा धर्मच असा की इकडे झालं ते तिकडे झालं पाहिजे. इकडे चुकून पुसलं, तर तिकडेही मुकाट पुसलं जातं. आणि आपला तिसरा, चोर, इथूनच शिरतो. खंडणीसाठी फायली कुलूपबंद करणारा व्हायरस एका यंत्रात आला की ताळमेळ त्या कुलूपबंद प्रती इमानेइतबारे सगळीकडे पोचवतो. बॅकअपचा धर्म याच्या उलट. त्याने कालचं काल ठेवलं पाहिजे. २००२ मध्ये बेल लॅब्जच्या शॉन क्विन्लन आणि शॉन डॉरवर्ड यांनी ‘व्हेंटी’ नावाचं भांडार केलं. त्यात एकदा लिहिलेलं पुसताच येत नसे, आणि प्रत्येक तुकडा त्याच्या ठशाच्या नावाने ठेवल्यामुळे तोच तुकडा दोनदा साठत नसे. आज घरी वापरता येतात ते बोर्ग किंवा रेस्टिकसारखे बॅकअप प्रोग्रॅम त्याच कुळातले.

आणि बॅकअप आहे असं वाटणं म्हणजे बॅकअप असणं नव्हे. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ बनत असताना एका चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फायली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढले तर तेही नीट नव्हते, कारण कुणी ते तपासलेच नव्हते. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. मूल लहान असल्याने त्या घरून काम करत, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीतही असंच झालं. पाच प्रकारचे बॅकअप कागदावर होते, वेळेला एकही धड निघाला नाही. सहा तास आधी निराळ्याच कारणाने काढलेली प्रत कामी आली. त्यांनी ही सगळी दुरुस्ती लोकांसमोर थेट दाखवली आणि कारणांसह लिहून ठेवली, याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

राहिलं दैव. १० मार्च २०२१ च्या रात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची एक पाच मजली इमारत जळाली, आणि तिच्यातल्या यंत्रांवर ज्यांचं सर्वस्व होतं त्यांचं ते गेलं. त्याहून बोलकी घटना दक्षिण कोरियातली. २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली. तिथे ‘जी-ड्राइव्ह’ नावाची सरकारची स्वतःची साठवण होती; कर्मचाऱ्यांनी कामाचे कागद कार्यालयातल्या संगणकावर न ठेवता तिथेच ठेवावेत असा आदेश होता. ८५८ टेराबाइट इतका ऐवज गेला. बाहेर कुठे बॅकअप नव्हता, कारण एवढ्या मोठ्या भांडाराचा बॅकअप घेणं जमत नाही असं मानलं गेलं. ही परक्याकडची ठेव नव्हती. घरचाच सर्व्हर होता, सार्वभौम राष्ट्राचा. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिनिधीची गुगलच्या क्लाउडवरची यंत्रणा चुकीने पुसली गेली. पण त्यांनी एक बॅकअप दुसऱ्या सेवेकडे ठेवला होता, म्हणून ते सावरले. तेव्हा घरचं ते सुरक्षित आणि परक्याचं ते धोक्याचं, अशी सोपी वाटणी इतिहासात टिकत नाही. एकाच छपराखाली किती प्रती होत्या, हे विचारावं लागतं.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात यासाठी एक आटोपशीर हिशेब दिला. प्रती तीन, साधनं दोन प्रकारची, आणि निदान एक प्रत दुसऱ्या जागी. आम्ही तो प्रमाण मानतो, आणि त्यात परक्या क्लाउडला मज्जाव नाही. कूटबद्ध करून एक प्रत तिथे ठेवली तर ती निक्षेप राहते, पण मोहोरबंद निक्षेप. पेढीवाल्याने पेटी सांभाळावी, आत काय आहे ते त्याला कळायचं कारण नाही. स्मृतिकारांनाही अशी मोहोरबंद ठेव माहीत होती, तिला ते उपनिधी म्हणत.

फक्त त्यात एक अडचण आहे, आणि आमच्या वयाला ती फार जवळची आहे. मोहोर फोडण्याची किल्ली, म्हणजे पासवर्ड, एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर तो गेला की ठेव जागच्या जागी मरते. डिस्क शाबूत, फायली शाबूत, आणि उघडणारा कुणी नाही. यावर कुठलाही प्रोग्रॅम नाही. घरात सर्व्हर चालवणारे हौशी लोक आम्ही पाहतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे, डिस्क गेली तर दुसरी आहे, पण बायकोला किंवा मुलांना विचारलं तर ते छोटं यंत्र नेमकं काय करतं हे कुणालाच माहीत नसतं.

मंडळाने सध्या केलेली व्यवस्था सांगतो, कारण व्याख्यानानंतर ती विचारली जाणारच. पुण्यात एका सभासदाच्या घरी एक जुना संगणक आहे, त्यावर मूळ संच. कोल्हापुरात दुसऱ्या सभासदाकडे सिंकथिंगने त्याची प्रत जाते, आणि पुण्यात पुसलेलं तिकडे वर्षभर बाजूला राखून ठेवलं जातं. तिसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर, दर तीन महिन्यांनी भरून वायर काढून कपाटात. पासवर्ड दोन पाकिटांत कागदावर लिहिलेले आहेत. एक कार्यवाहांकडे, एक बँकेच्या लॉकरमध्ये. आणि दर पाडव्याला एक नवा सभासद, ज्याने हे यंत्र कधी हाताळलेलं नाही असा, ते पाकीट घेऊन बसतो आणि बॅकअपमधून कुठलंही एक व्याख्यान काढून सर्वांना ऐकवतो. यंदा निघालेलं व्याख्यान १९८७ चं होतं. मागे कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज आहे, तोही आला.

प्रश्नोत्तरांसाठी आता पंधरा मिनिटं आहेत.